विमानाची सोबत

रत्नागिरीहून मुंबईस व तेथून विमानानें विलायतेस मुलें निघालीं, म्हणजे तीं पोहोंचल्याची वार्ता येईपर्यंत घरांतील वडील मंडळी निर्धास्त होत नाहींत. अशांत ‘प्रवासी विमानाभोंवतीं लढाऊ विमानें’ असा मथळा दृष्टीस पडला, तर काळजाचें पाणी व्हावें हें साहजिकच आहे. परंतु हीं विमानें येतात तीं बहुधा शत्रुत्वानें नव्हे.

ता. १६ फेब्रुवारी २०१७ रोजीं मुंबईहून लंडनला चाललेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवर असतां जमिनीशीं संबंध तुटला. आंत ३३० प्रवासी व १५ कर्मचारी! जर्मन हवाई दलाचीं दोन लढाऊ विमानें तत्काळ त्याच्याजवळ गेलीं. पुढें बोलणें सुरू झालें व विमान लंडनला सुखरूप उतरलें.

एवढी धांवपळ कां? रडारच्या पडद्यावर विमान म्हणजे केवळ एक ठिपका. तो मुका झाला, कीं बिनतारी यंत्र बिघडलें आहे, वैमानिक बेशुद्ध आहेत, कीं विमान कोणी बळकावलें आहे, हें जमिनीवरून उमगत नाहीं. आणि सप्टेंबर २००१ मधील न्यूयॉर्कच्या अनर्थानंतर स्वस्थ वाट पाहणें कोणत्याच सरकारला परवडत नाहीं. म्हणून जवळ जाऊन डोळ्यांनीं पाहणारा कोणी तरी हवा, आणि तितका वेग लढाऊ विमानासच साधतो. तें सामान्यतः डाव्या अंगास, किंचित् वर व पुढें येऊन पंख डोलावतें. ‘माझ्यामागून या’ असा त्याचा अर्थ. प्रवासी विमानानेंहि पंख डोलावून होकार द्यावयाचा व मागोमाग जावयाचें. मुक्याशीं हातवाऱ्यांनीं बोलावें, तसाच हा प्रकार!

मात्र लढाऊ विमान म्हणजे कांहीं धन्वंतरी नव्हे. १४ ऑगस्ट २००५ रोजीं सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानांतील हवेचा दाब उतरून माणसें शुद्ध हरपलीं. ग्रीक वैमानिकांनीं जवळ जाऊन पाहिलें, तों मुख्य वैमानिकाची जागा रिकामी व त्याचा सहकारी निपचित पडलेला. त्यांस तें नुसतें पाहावें लागलें. इंधन संपून विमान कोसळलें व आंतील १२१ जण दगावले.

आणि शस्त्राचें काय? १९८३ सालीं रशियन लढाऊ विमानानें कोरियाचें प्रवासी विमान पाडलें, त्यांत २६९ माणसें गेलीं. त्यानंतर १९८४ सालीं शिकागो करारांत नवें कलम घालण्यांत आलें: उडत्या प्रवासी विमानावर शस्त्र चालवूं नये, व त्यास अडवितांना आंतील जीवांस धोका पोहोंचवूं नये.