शकुंतलेच्या मॉडेलला आवाज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला ही रेल्वेगाडी आता धावत नाही. तिचं छोटं मॉडेल घरी करावं आणि त्यातून तिचा आवाजही यावा, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण आवाजाचा विषय निघाला की चुकीचे सल्लेच जास्त मिळतात, आणि त्यात चांगले जुने भाग भंगारात जातात.

आवाज हवा तर आख्खं इंजिन नवं घ्या, हा पहिला सल्ला. त्याची गरज नसते. शकुंतलेच्या रुळांतलं अंतर 762 मिमी. 1:87 प्रमाणात ते पावणेनऊ मिमी भरतं, म्हणून 9 मिमीचा रूळ चालतो. एन स्केलची इंजिनं याच रुळावर धावतात. तेव्हा अशा एखाद्या जुन्या इंजिनाची मोटर, गिअर, चाकं तशीच ठेवून वर शकुंतलेचं कवच चढवता येतं. नवा लागतो तो डीकोडर, म्हणजे रुळातून आलेले डिजिटल आदेश वाचून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारं इवलंसं सर्किट.

सगळ्यात जास्त घोळ स्पीकरचा. ‘स्पीकर तो स्पीकर, जुनाच जोडा’ असं सर्रास सांगतात. पण ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड 3.5 डीकोडरला 100 ओहमचा स्पीकर लागायचा, 4.0 ला 4 ते 8 ओहमचा लागतो. जुना 100 ओहमचा स्पीकर नव्या डीकोडरला जोडला तर नुकसान होत नाही, पण आवाज कानाला जेमतेम येतो. उलट 8 ओहमचा स्पीकर जुन्या डीकोडरला लावला, तर आतला अॅम्प्लिफायर जळू शकतो. म्हणून आधी स्पीकर सोडवा आणि त्याच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. 8 ओहमचा स्पीकर साधारण सात दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. नव्वदच्या आसपास आकडा आला, तर तो जुन्या जातीचा. बंद पडलेल्या मोबाईलचा 8 ओहमचा स्पीकर नव्या डीकोडरला झकास काम देतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असे स्पीकर सहज सापडतात.

स्पीकर मोठा घेतला की आवाज मोठा, हेही अर्धंच खरं. स्पीकरच्या पडद्याच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींना मारतात. मागची बाजू प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत हवाबंद केली, की तोच स्पीकर भरदार वाजतो. इंजिनात जागा नसेल, तर स्पीकर मागच्या डब्यात ठेवून दोन बारीक तारा पुढे आणाव्यात.

जुन्या मोटरने नवा डीकोडर जळतो, ही भीती मात्र निराधार नाही. पण दोष बहुधा जोडणीचा असतो. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश अनेकदा थेट सांगाड्याला टेकलेला असतो. तो पूर्ण वेगळा केल्याशिवाय डीकोडर जोडूच नये. शिवाय 12 व्होल्ट देऊन, चाकं बोटाने क्षणभर रोखून मोटर किती करंट ओढते तेही पाहावं. छोट्या डीकोडरची क्षमता पाऊण अँपिअरच्या आसपास असते. दिव्यांसाठी जुने बल्ब चालतात, पण एलईडी लावणार असाल तर रेझिस्टर हवाच.

आता आवाज कोणता? ‘कुठल्याही वाफेच्या इंजिनाची फाईल चालते’ हे मला पटत नाही. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं शकुंतलेचं झेडडी इंजिन 1923 पासून धावलं आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेलने घेतली. तुमचं मॉडेल 1990 सालचं असेल तर वाफेचे फुत्कार हवेत, 2000 सालचं असेल तर डिझेलची घरघर. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार फुत्कार येतात. हा हिशोब डीकोडरच्या सेटिंगमध्ये जुळवता येतो आणि तेवढा वेळ त्याला जरूर द्यावा. सारखे फुत्कार नि वेगळाच वेग, हे कानाला लगेच खटकतं.

जुन्या इंजिनात आधीचा आवाजाचा डीकोडर निघाला, तर तो टाकू नका. त्याचा 100 ओहमचा स्पीकर त्याच्यासोबतच ठेवा. दुसऱ्या इंजिनात ही जोडी जशीच्या तशी बसते. आवाज गेलेला पण बाकी शाबूत असलेला डीकोडर डब्यांतले दिवे चालू-बंद करायला उत्तम.