अजिंठा-वेरूळला जायचंय : टूर बस की कॅम्पर व्हॅन?

पाठीवर बॅग टाकून जळगावच्या मेहरूणमधून अजिंठा-वेरूळला निघायचं, तर कोणती गाडी परवडते?

आधी अंतर पाहू. जळगावहून अजिंठा सुमारे 60 किलोमीटर आणि तिथून वेरूळ साधारण 100 किलोमीटर. फक्त अजिंठा पाहायचा असेल, तर संध्याकाळपर्यंत घरी परतता येतं. मग झोपायची सोय असलेल्या व्हॅनचं भाडं कशाला भरायचं? शिवाय खासगी गाड्या लेण्यांपर्यंत जातच नाहीत. त्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लावून पुढचे सुमारे 4 किलोमीटर एसटीच्या बसनेच जावं लागतं.

दोन्ही लेणी पाहायची असतील, तर हिशेब बदलतो. टूर बसमध्ये गाइड आणि मुक्काम ठरलेला असतो, पण लेण्यांमधला वेळही ठरलेलाच. व्हॅनमध्ये वेळ आपल्या हातात राहतो. मात्र डिझेल, पाणी आणि रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा आपणच पाहायची.

थोडक्यात, एकटं-दुकटं असाल तर बस; चार-पाच जण आणि तीन-चार दिवस असतील तर व्हॅनचा विचार करा.

काहीही निवडा, वार मात्र तपासा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी.