विश्लेषण : रोइंग मशीनला जोडलेले ॲप नेमके काय मोजते, आणि काय मोजत नाही?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की हुडकेश्वरमध्ये सकाळी आठनंतर मैदानात व्यायाम करणे नकोसे होते. अंबाझरी तलाव इथून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अशा वेळी हॉलमध्ये कूलरसमोर रोइंग मशीन मांडायचे, मोबाइल ब्लूटूथने जोडायचा आणि घरबसल्या जगभरातल्या लोकांबरोबर वल्हवायचे, हा पर्याय आकर्षक वाटतो. मात्र स्क्रीनवरचा आकडा नीट समजून घेतला नाही, तर पैसे वाया जातात आणि पाठही दुखावते.

मशीन अंतर मोजते कसे?

मशीन जागेवरून हलत नाही, तरी स्क्रीनवर मीटर वाढत जातात. हे अंतर हिशेबाने काढलेले असते. अमेरिकेतील व्हरमाँट येथील कॉन्सेप्टटू कंपनीचे हवेवर चालणारे मशीन स्पर्धांमध्ये सर्रास वापरले जाते. त्यात पंख्यासारखे फ्लायव्हील असते. हँडल ओढले की त्याचा वेग वाढतो, सोडले की हवेच्या अडथळ्याने कमी होतो. दोन स्ट्रोकच्या मधल्या काळात वेग किती झपाट्याने घटला, यावरून मॉनिटर अडथळा ठरवतो. या आकड्याला ‘ड्रॅग फॅक्टर’ म्हणतात. त्यावरून वापरणाऱ्याने किती वॅट ताकद लावली हे निघते, आणि वॅटवरून अंतर व वेग.

हा हिशेब प्रत्येक स्ट्रोकला नव्याने होतो. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यातील गरम, विरळ हवा असो किंवा जाळीत साचलेली धूळ, मॉनिटर ते सारे सामावून घेतो. म्हणूनच हुडकेश्वरमधील २००० मीटर आणि पुण्यातील २००० मीटर यांची तुलना करता येते.

स्प्लिट म्हणजे काय? पाच सेकंद इतके महाग का?

स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दिसणारी वेळ म्हणजे स्प्लिट, अर्थात ५०० मीटरला लागणारा वेळ. या वेळेचे ताकदीशी असलेले नाते सरळ नाही. लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ :

- २ मिनिटे ३० सेकंद : सुमारे १०४ वॅट
- २ मिनिटे २५ सेकंद : सुमारे ११५ वॅट
- २ मिनिटे ५ सेकंद : सुमारे १७९ वॅट
- २ मिनिटे : सुमारे २०३ वॅट

म्हणजे सुरुवातीचे पाच सेकंद ११ वॅटमध्ये मिळतात, पुढे तेवढ्याच पाच सेकंदांसाठी २३-२४ वॅट मोजावे लागतात. पहिल्या महिन्यात वेळ झपाट्याने कमी होते आणि नंतर अडकते, त्यामागे हेही एक कारण आहे. अशा वेळी प्रगती थांबली असे समजून जोर वाढवणे चुकीचे. स्प्लिटऐवजी वॅट पाहिले, तर लहान सुधारणाही दिसते.

डॅम्पर १० वर ठेवला तर जास्त फायदा?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. बाजूची १ ते १० आकड्यांची कळ, म्हणजे डॅम्पर, आत किती हवा शिरणार हे ठरवते. सायकलच्या गिअरसारखे तिचे काम आहे. १० वर स्ट्रोक जड लागतो, पण त्यासाठी जादा मीटर मिळत नाहीत. उलट थकवा लवकर येतो आणि कमरेवर ताण पडतो. नवख्यांसाठी कंपनीचाच सल्ला ३ ते ५ चा आहे. मॉनिटरच्या मेनूमध्ये ड्रॅग फॅक्टर पाहण्याची सोय असते. जिममधील मशीनमध्ये धूळ साचलेली असेल, तर तिथला ५ आणि घरचा ५ वेगळा भरतो. त्यामुळे कळीवरच्या आकड्यापेक्षा ड्रॅग फॅक्टर लक्षात ठेवावा.

ॲप कोणते? इंटरनेट किती लागते?

कॉन्सेप्टटूचे ‘अर्गडेटा’ हे ॲप मोफत आहे. ते प्रत्येक व्यायामाची नोंद ऑनलाइन लॉगबुकमध्ये ठेवते. तिथे वय आणि वजनगटानुसार जगभरातील क्रमवारी पाहता येते. ‘ईएक्सआर’मध्ये व्हिडिओ गेमसारखी नदी आणि शर्यती असतात, तर ‘किनोमॅप’मध्ये खऱ्या जागांचे व्हिडिओ. या दोन्हींच्या पूर्ण सुविधांसाठी वर्गणी भरावी लागते.

मशीन आणि मोबाइल यांच्यातील संवाद ब्लूटूथवर होतो, त्याला नेट लागत नाही. अर्गडेटात व्यायाम साठवून नंतर अपलोड करता येतो. थेट शर्यत किंवा व्हिडिओसाठी मात्र स्थिर वायफाय हवे. कॉन्सेप्टटूचा पीएम५ मॉनिटर सेलवर आणि वल्हवताना फ्लायव्हीलमधून मिळणाऱ्या विजेवर चालतो. त्यामुळे लाइन गेली तरी मशीन बंद पडत नाही. कूलर बंद पडतो, हा भाग वेगळा.

स्वस्त मशीन चालेल का?

घाम गाळायचा असेल तर चालेल, तुलना करायची असेल तर जपून. कॉन्सेप्टटूचे मशीन भारतात लाखाच्या पुढे जाते. त्याहून बऱ्याच कमी किमतीत चुंबकीय किंवा हायड्रॉलिक अडथळ्याची मशीन मिळतात. त्यांचे मीटर प्रत्येक कंपनी आपापल्या सूत्राने काढते, त्यामुळे दोन वेगळ्या मशीनवरच्या वेळा शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. खरेदीपूर्वी हे विचारावे :

- मशीनमध्ये ‘एफटीएमएस’ हा ब्लूटूथचा खुला मानक आहे का? नसल्यास मशीन बहुधा कंपनीच्याच ॲपपुरते मर्यादित राहते.
- स्क्रीनवर वॅट दिसतात का, की फक्त स्ट्रोकची मोजणी?
- हॉलमध्ये जागा आहे का? कॉन्सेप्टटूचे मशीन सुमारे ८ फूट लांब आहे. वापरताना ९ बाय ४ फूट जागा मोकळी हवी.

खऱ्या नौकानयनाशी याचा संबंध किती?

खूप जवळचा. रोइंगपटूंची २००० मीटरची चाचणी अशाच मशीनवर, म्हणजे अर्गोमीटरवर, घेण्याची पद्धत जगभर आहे. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण दत्तू भोकनळ यांचे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात, पाण्याची टंचाई असलेल्या तळेगाव रोहीत ते वाढले. २०१२ मध्ये लष्करात गेल्यानंतर ते हा खेळ शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ते एकेरीत १३वे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत ते शेवटचे राहिले, मात्र दुसऱ्याच दिवशी चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्ण जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

म्हणजे तलावाकाठी जन्मलेले नसले, तरी या खेळात येता येते. मशीन अंगातली ताकद दाखवते. बोटीचा तोल, वारा आणि वल्हे पाण्यात टाकण्याचे कसब मात्र पाण्यातच शिकावे लागते. बोटीतली वेळ आणि मशीनवरची वेळ एक नव्हे.

दरम्यान, मशीनवरचे रोइंग हा स्वतंत्र खेळही झाला आहे. २०१८ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. करोनाकाळात, २०२१ मध्ये, ती ऑनलाइन झाली. खेळाडू आपापल्या ठिकाणच्या मशीनवरून सहभागी झाले.

ॲपला काय दिसत नाही?

तुमची पाठ. सेन्सर फ्लायव्हीलवर आहे. हँडल पायांच्या जोरावर आले की कंबर वाकवून ओढले, हे त्याला कळत नाही. वाकलेल्या पाठीने काढलेले २०० वॅट क्रमवारीत तितकेच मानाचे ठरतात. रोइंग करणाऱ्यांमध्ये कंबरदुखी ही नेहमीची दुखापत आहे. क्रमवारीत वर सरकण्याच्या नादात ती आणखी लवकर गाठते.

ॲपला खोलीचे तापमानही कळत नाही. उकाड्यात त्याच स्प्लिटला हृदयाचे ठोके जास्त पडतात. जुलैच्या दमट हवेत कूलरही फारसा उपयोगी पडत नाही. त्या दिवशी ॲपने दिलेले लक्ष्य सोडून ठोक्यांकडे पाहणे शहाणपणाचे. छातीवर बांधायचा पट्टा बहुतेक ॲपना जोडता येतो.

सुरुवात कशी करावी?

- क्रम पाठ करा : आधी पाय, मग धड, शेवटी हात. परत जाताना उलट.
- मिनिटाला १८ ते २४ स्ट्रोक पुरेत. बोलता येईल इतक्याच जोराने, १५ ते २० मिनिटे.
- मोबाइल बाजूला उभा ठेवून महिन्यातून एकदा स्वतःचा व्हिडिओ काढा. ॲपला न दिसणारी पाठ त्यात दिसते.
- पहिले सहा आठवडे क्रमवारी आणि शर्यती टाळा. तुलना स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करा.
- कंबरेचे जुने दुखणे, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर मशीन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- जाळीतील धूळ अधूनमधून काढा, साखळीला तेल द्या.