गरोदरपणात चक्कर येते? आधी बसा, मग कारण शोधा



वस्तीत गरोदर बाईला चक्कर आली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "या दिवसांत असं होतंच." दुसरे, "नजर लागली असेल, मीठ-मोहरी ओवाळून टाका." पहिल्यात अर्धे सत्य आहे, दुसऱ्यात काहीच नाही. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो. बाईचे रक्त आणि रक्तदाब कुणी तपासत नाही. वॉर्डात काम करताना हिमोग्लोबिन सहावर आल्यावर दवाखान्यात पोहोचलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. विचारले की सांगायच्या, "चक्कर तर चौथ्या महिन्यापासून येत होती."

चक्कर का येते?

पोटात बाळ असताना आईच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो, लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात. शिवाय रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. अशा वेळी झटकन उठलात, नळावर किंवा रेशनच्या रांगेत तासभर उभ्या राहिलात, तर रक्त पायांत साठते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. डोळ्यांसमोर अंधारी येते ती त्यामुळे.

पाचव्या महिन्यानंतर उताणे झोपल्यावरही गरगरते. गर्भाशयाचे वजन पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडते. कुशीवर वळले की बरे वाटते. डावी कूस अधिक चांगली.

बाकीची कारणे आपल्या घरात आणि कामात आहेत. सकाळी उपाशीपोटी फक्त चहा घेऊन धुण्याभांड्याच्या कामाला जाणे. उलट्यांमुळे पोटात काही न टिकणे. पत्र्याच्या खोलीतला उकाडा. सार्वजनिक संडासची रांग टाळायची म्हणून दिवसभर पाणीच न पिणे. आणि मशेरी. मशेरीतल्या तंबाखूनेही चक्कर येते, आणि बाळाचे वजन कमी भरते. गरोदरपणात ती पूर्ण बंदच करायला हवी.

चक्कर आली त्या क्षणी

उभ्या असाल तर तिथेच खाली बसा. रस्ता असो की दुकान, लाजू नका. पडून पोटाला मार लागण्यापेक्षा जमिनीवर बसलेले बरे. शक्य असेल तर डाव्या कुशीवर आडव्या व्हा. चूल, स्टोव्ह, माळ्याची शिडी आणि भरलेली बादली यांपासून आधी दूर व्हा.

जवळ असलेल्यांनी गर्दी करू नये. हवा येऊ द्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा. बाई बेशुद्ध असेल तर तिला कुशीवर वळवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. चप्पल किंवा कांदा हुंगवून काही साधत नाही. ती पूर्ण शुद्धीवर आली की घोट घोट पाणी किंवा लिंबू-साखरेचे सरबत द्या, मग काही खायला द्या. मिनिटभरात शुद्धीवर आली नाही तर १०८ ला फोन करा.

पुन्हा येऊ नये म्हणून

अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा, मिनिटभर थांबा, मग उभ्या राहा. रांगेत किंवा कामावर उभे राहावेच लागले तर टाचा वर-खाली करा, पायांची जागा बदलत राहा. फार गरम पाण्याने, मोरीचे दार घट्ट लावून अंघोळ करू नका.

दर दोन-तीन तासांनी थोडे खा. मूठभर शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, अर्धी भाकरी, उकडलेले अंडे, जे घरात असेल ते. कामावर जाताना पदराला शेंगदाण्याची पुडी बांधून न्या. दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी हवेच. अंगणवाडीतून मिळणारा पोषण आहार तुमच्या नावाचा आहे, तो घरभर वाटून संपवू नका.

रक्त तपासलेच पाहिजे

एवढे करूनही चक्कर येत असेल, थोडे चालल्यावर धाप लागत असेल, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या दिसत असतील, तर रक्त कमी असण्याची शक्यता मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींपैकी एक.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ किंवा त्याहून जास्त हवे. ७ ते ११ च्या मध्ये असेल तर डॉक्टर गोळ्या वाढवतात किंवा शिरेतून लोहाचे औषध देतात. ७ च्या खाली गेले तर मोठ्या दवाखान्यात भरती व्हावे लागते. प्रसूतीत थोडा रक्तस्राव जास्त झाला तरी अशा बाईचा जीव धोक्यात येतो.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. ती सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मोफत मिळते. गोळी चहाबरोबर घेऊ नका, पुढे-मागे तासभर चहा नको. लिंबू, आवळा किंवा पेरूबरोबर घेतली तर लोह चांगले शोषले जाते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळी होते, त्याने घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका.

आणखी एक. चक्कर आली की गल्लीतल्या डॉक्टरकडे "ताकदीची बाटली" लावून येण्याची सवय पडली आहे. सलाईनमध्ये पाणी, मीठ किंवा साखर असते. त्याने रक्त वाढत नाही. तेवढ्या पैशांत आठवडाभराची अंडी येतात.

सिकलसेलची चाचणी

विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळते. तिकडून मुंबई-पुण्याला आलेल्या कुटुंबांनाही हे लागू आहे. ही चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. बाईची होकारार्थी आली तर नवऱ्याचीही करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सिकलसेलची रुग्ण असलेल्या बाईने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

थांबू नका, लगेच दवाखाना गाठा

चक्करेबरोबर यातले एकही लक्षण असेल तर उद्यावर ढकलू नका:

• अंगावरून रक्त जाणे.
• पहिल्या तीन महिन्यांत ओटीपोटात जोराची कळ, खांद्यात दुखणे.
• तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, झटके. हा वाढलेल्या रक्तदाबाचा धोका आहे.
• छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, खूप धडधड.
• बाळाची हालचाल कमी होणे.
• पोटावर पडणे, ताप येणे किंवा पाणीही न टिकणे.

गरोदर बाईला नेण्यासाठी १०२ ची आणि तातडीसाठी १०८ ची गाडी मोफत आहे. सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषधे, प्रसूती आणि लागले तर रक्तही मोफत मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास मोफत तपासणी असते.

घरातल्यांसाठी

नवरा, सासू, दीर, नणंद, सगळ्यांनी हे वाचावे. बाई सर्वांना वाढून शेवटी उरलेले खाते, तिथूनच तिचे रक्त कमी व्हायला लागते. तिचे ताट सर्वांबरोबर वाढा. पाण्याचे हंडे दुसऱ्या कुणीतरी भरा. चक्कर येते म्हणाली तर "नाटकं करते" म्हणू नका. कधी आली, काय करताना आली, शेवटचे कधी खाल्ले होते, हे तिच्या कार्डावर मागच्या बाजूला लिहून ठेवा. येत्या ९ तारखेला तिच्याबरोबर घरातले एक माणूस जाऊ द्या, आणि येताना हिमोग्लोबिनचा आकडा विचारून या.