वॉल्ट्झ आणि दादऱ्याची खाली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्याच्या एस्प्लनेडलगत, ग्रँड हॉटेलात, टेडी वेदरफर्ड या अमेरिकन पियानोवादकाचा वाद्यवृंद नृत्यासाठी वाजत असे. १९४५ मध्ये याच शहरी त्याचे निधन झाले. त्याच दशकात सामोआत जन्मलेला ताऊ मो तेथे हवाईयन गिटार वाजवीत होता. पुढे त्या वाद्यावर रवींद्रसंगीतही रुळले.

दोन्ही तिनातिनांच्या गटांत चालतात, म्हणून वॉल्ट्झला विलायती दादरा म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. वॉल्ट्झचे आवर्तन तीन मात्रांत पुरे होते व प्रत्येक वेळी पहिल्या मात्रेवर भार येतो. दादरा सहा मात्रांचा. त्याच्या चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे तेथे डग्ग्याचा घुमारा आवरला जातो. अनेक गिटारींच्या मेळात हा भेद सर्वस्वी अंगठ्याच्या हाती असतो. वॉल्ट्झमध्ये तो दर तीन मात्रांनी खर्जाची तार छेडतो आणि बोटे उरलेल्या दोन मात्रा भरतात. दादऱ्यात चौथ्या मात्रेचा खर्ज गाळावा, निदान दबता ठेवावा लागतो. अन्यथा स्वर अचूक असूनही गीताचा चरण मध्येच तुटतो आणि सहा मात्रांचे एक पद ऐकू येण्याऐवजी तीन मात्रांची दोन पावले ऐकू येतात.