अखंड चालणाऱ्या यंत्राचा मोह व शक्तीचा जमाखर्च

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्यानें एका विक्रेत्याचें छापील पत्रक आम्हांस आणून दाखविलें. विजेची मोटर जनित्र फिरवील, जनित्र त्याच मोटरीस वीज पुरवील, आणि उरलेल्या विजेवर विहिरीचा पंप अहोरात्र चालेल. बिल नाहीं, डिझेल नाहीं, असा त्यांतील मजकूर होता. किंमत भरण्यासाठीं विहिरीकडील जमीन गहाण टाकण्याची त्यानें तयारी केली होती. आम्ही यंत्रशास्त्र शिकलेले नाहीं. परंतु महसूल खात्यांत आयुष्य कारकुनींत गेल्यामुळें, जमेची बाजू कोरी व खर्चाची भरलेली दिसली कीं आमची लेखणी थांबते.

हा मोह नवा नव्हे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणि’ ग्रंथांत, पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेलें चाक आपोआप फिरत राहील, असें वर्णिलें आहे. अशा चाकाच्या एका बाजूस पारा आंसापासून दूर जाऊन अधिक जोर करितो खरा. परंतु दुसऱ्या बाजूस भार संख्येनें अधिक असतो, आणि दोन्ही बाजू तोलून चाक स्थिर होतें. असल्या यंत्रांचे दावे इतके येऊं लागले कीं, पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें १७७५ सालीं ते तपासणेंच बंद केलें.

आतां पत्रकांतील यंत्राचा हिशेब पाहूं. मोटरीस १०० भाग शक्ति दिली, तर ठोकळ मानानें ८५ भाग फिरण्यांत मिळतात. जनित्र त्या ८५ पैकीं सुमारें ७२ भाग वीज परत देतें. पुढील फेरीस ५२, त्यापुढें ३८. पंप जोडण्यापूर्वींच शिल्लक संपत आली! मधला तोटा जातो कोठें? वंगण नसलेला गाडीचा आंस तापतो, तसा तो उष्णतेच्या रूपानें जातो. जेम्स जूल यांनीं १८४३ पासून प्रयोग करून, अमुक श्रमास अमुक उष्णता हें प्रमाण ठरवून दिलें. शक्ति नाहींशी होत नाहीं, तशीच ती नव्यानें उत्पन्नही होत नाहीं.

मोटेचे बैल धावेवर आपोआप चालत नसत. सायंकाळीं त्यांस कडबा घालावा लागे, आणि कडब्यांत सूर्याचें ऊन सांठविलेलें असे. तीच जमा.

यावरून इंधनावांचून चालणारें प्रत्येक यंत्र खोटें, असें मात्र कोणी समजूं नये. सौरपंपाची जमा ऊन आहे, पवनचक्कीची वारा. पाण्याच्याच धक्क्यानें पाणी चढविणारा हायड्रॉलिक रॅम फ्रान्समध्यें माँगोल्फिए यांनीं १७९६ सालीं सिद्ध केला. तोही खरा आहे. त्यांत १०० लिटर पाणी २ मीटर उतरलें, तर २० मीटर उंचीवर हिशेबानें फार तर १० लिटर चढावें. प्रत्यक्षांत त्याहूनही कमी चढतें, व बाकीचें खालीं वाहून जातें. जो विक्रेता ही तूट उघड सांगतो, तो प्रामाणिक समजावा.

खोट्या यंत्राच्या प्रात्यक्षिकांत बहुधा कोठें तरी बॅटरी किंवा तार दडविलेली असते, अथवा आधींच वेगानें फिरविलेलें जड चाक असतें. तें चाक म्हणजे कणगी. घातलें तेवढेंच निघणार, आणि उंदरांचा वांटा वजा! आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचें कलम ३ देखील निसर्गनियमांस उघड विरुद्ध असलेल्या दाव्यास पेटंट देत नाहीं.

पुतण्यानें हा हिशेब स्वतः पुन्हां मांडून पाहिला, व विक्रेत्यास एवढेंच कळविलें: “बाहेरची तार व बॅटरी काढून, आमच्या विहिरीवर पंप जोडून, यंत्र तीन दिवस चालवून दाखवा, मग पैसे.” तो गृहस्थ पुन्हां फिरकला नाहीं. जमीन राहिली. वाचकांनींही असलें पत्रक हातीं आल्यास सही करण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: खर्च दिसतो आहे, जमा कोठें आहे?