इंजिन बंद, वारा सुरू

हेलिकॉप्टरचे इंजिन हवेत बंद पडले की ते दगडासारखे कोसळते, अशी बहुतेकांची समजूत असते. कलाशाखेत असल्यामुळे म्हणा, माझीही होती. 'शाकुंतला'तील दुष्यंत ज्या माधवीच्या मंडपात बसतो, त्या वेलीचे फळ पाहिल्यावर ती गेली. या फळाला तीन पंख असतात. ते खाली पडताना गरगर फिरते आणि सावकाश उतरते.

हेलिकॉप्टरचेही असेच होते. इंजिन थांबताच वैमानिक एक तरफ तत्काळ खाली दाबतो. त्यामुळे पात्यांचा तिरकेपणा कमी होतो आणि खालून वर येणारी हवाच त्यांना फिरवत ठेवते. पायडल थांबवले तरी सायकलचे चाक फिरत राहते, तशी बंद इंजिनापासून पाती सुटी होतात. जमीन जवळ आली की वैमानिक नाक वर उचलून वेग मारतो आणि पात्यांत साठलेली शक्ती शेवटी एकदाच खर्च करतो. दुसरी संधी नाही! २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये झाँ बुले १२,४४२ मीटर उंचीवर गेला. उतरताना त्याच्या 'लामा'चे इंजिन विझले, तरी तो असाच सुखरूप उतरला. आपल्या सेनादलांचे 'चीता' हे या लामाचेच भारतीय रूप.

आता वाऱ्याचे काय? गंमत अशी की, वारा एकसारखा वाहत असेल तर पात्यांना त्याचा पत्ताही नसतो. प्रवाहात सोडलेल्या नावेप्रमाणे हेलिकॉप्टर हवेबरोबर वाहत असते. फरक पडतो तो जमिनीच्या हिशेबात. समजा, हवेतला वेग ताशी १०० किलोमीटर आहे आणि वारा नसताना ३०० मीटर उंचीवरून १,२०० मीटर पुढे जाता येते. ताशी २५ किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ९०० मीटरच जाता येईल. पाठीमागून असेल तर १,५०० मीटर.

मग पाठीवर वारा घेणेच बरे, असे वाटेल. पण जमिनीवरचा वेग समोरच्या वाऱ्यात ७५ असतो आणि पाठच्या वाऱ्यात १२५. वेगाच्या वर्गाप्रमाणे धक्का वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. लांबचे मोकळे शेत गाठायचे, की जवळच्या अडचणीच्या जागी वाऱ्याकडे तोंड करून हळू टेकायचे? शिवाय वळण्यातही उंची खर्च होते. निर्णयाला काही सेकंदच मिळतात.

त्यातून झाडे, घरे, जमीन यांच्या अडथळ्याने खालचा वारा मंद असतो. समोरचा वारा असा अचानक ओसरला की हवेतला वेग घटतो, हेलिकॉप्टर झपाट्याने खाली बसते आणि नाक उचलण्याचा उपयोगही कमी होतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी वैमानिक थोडा जास्त वेग राखून ठेवतात.

आणि वाऱ्याची दिशा? ती इंजिन बंद पडल्यावर शोधून चालत नाही. चुलीचा धूर, उभ्या पिकावरच्या लाटा, तळ्याचे पाणी यांवर वैमानिकाची नजर आधीपासूनच असते. तळ्याच्या ज्या काठाशी पाणी संथ दिसते, वारा त्या काठाकडून येत असतो.